वीतभर वर

बकाराम मेश्राम माणसाला भेटला की आधी उचलून पाहत असे.

गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर उचलत असे. समोरून तुम्ही आलात, हात जोडून ‘जयभीम’ म्हणालात, की तोही ‘जयभीम’ म्हणणार, आणि तुमचे जोडलेले हात सुटायच्या आत तुमच्या दोन्ही काखांत त्याचे पंजे शिरणार. मग तुम्ही जमिनीपासून वीतभर वर. तिथं तो तुम्हाला तसाच धरून ठेवणार, मान कलती करून तुमच्याकडे पाहणार, कान दिल्यासारखं करणार, आणि हळूच खाली ठेवून म्हणणार, ‘‘डाव्या अंगानं झुकून राहिला भाऊ तू. मले तं दाट संशय हाये.’’

कशाचा संशय, ते तो सांगत नसे. तुम्ही घरी जायचं आणि रात्रभर आपली डावी बाजू चाचपत पडायचं.

मला त्यानं पहिल्यांदा उचललं तेव्हा माझ्या हातात रॉकेलचा डबा होता. ‘‘डबा खाली ठेव बे, वजन चुकते,’’ म्हणाला. मी ठेवला. आता वाटतं, कावून ठेवला? पण भिलाईत तेव्हा जो तो कोणाचं तरी ऐकतच होता. कारखाना उभा राहत होता. मैलभर लाल धूळ, तिच्यात लोखंडाचे खांब, आणि आम्ही भंडारा-गोंदियाकडून, आंध्रातून, पंजाबातून, केरळातून आलेली माणसं. शेजारच्याची भाषा कळत नव्हती, त्यामुळे संशय घ्यायला भरपूर वाव होता.

बकारामचा हा चाळा त्याच्या कामातून आलेला. तो खलाशी होता. म्हणजे बोटीवरचा नव्हे. आमच्याकडे क्रेनच्या हुकाला वजन बांधणाऱ्याला आणि खालून हातानं इशारे देणाऱ्याला खलाशी म्हणत. त्याला एका रशियन साहेबानं काम शिकवलं. त्या साहेबाचे दोनच शब्द बकारामला समजले, पण ते पक्के समजले. ‘विरा’ म्हणजे वर आणि ‘माइना’ म्हणजे खाली. आणि एक नियम. कोणतंही वजन उचलायचं तर आधी फक्त वीतभर वर घ्यायचं आणि थांबायचं. कुठं झुकतंय, कुठं करकरतंय ते पाहायचं. मन भरलं तरच विरा. नाहीतर माइना, आणि पुन्हा बांधा.

साहेबानं नियम लोखंडासाठी शिकवला. बकारामनं तो जगाला लावला. चहाच्या टपरीवर गेला की बाक उचलून पाही, वर माणसं बसलेली असली तरी. माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा चार मोठी माणसं बरोबर असावीत म्हणून मी याला नेलं. यानं दारातच मुलीच्या बापाला उचललं. बाप वर, पागोटं खाली. आणि हा माझ्याकडे वळून म्हणतो, ‘‘नामदेवभाऊ, हा मानूस खरा वाटते, पन मागच्या अंगानं हालून राहिला.’’ सोयरीक मोडता मोडता राहिली. तो बाप शेवटपर्यंत बकारामला पाहिला की खांबाला धरून उभा राही.

दिसायला ठेंगणा, रुंद, मान जवळजवळ नाहीच. डोकं खांद्यांवर नुसतं ठेवून दिल्यासारखं. क्वार्टरमध्ये एकटा राहायचा. बायको गावी, तुमसरच्या पलीकडे. ती इकडे कावून येत नाही असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तर त्यानं आमचा रांजण उचलून पाहिला आणि पाणी गळते म्हणाला. गळत नव्हता.

आता बास्केटबॉलचं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला त्या खेळातलं काय कळतं असं कोणाला वाटेल. पण आमच्या क्वार्टरांच्या मागंच नवीन कॉलेजचं मैदान होतं. संध्याकाळी दुसरी करमणूक नव्हती. मी तो खेळ रोज पाहिला आहे, आणि रोज पाहिलेली गोष्ट मला कळते. ज्यांना पटत नाही त्यांनी वाद घालायला यावं.

त्या मैदानात जाळीचे दोन लोखंडी खांब बसवायचे होते, आणि त्यासाठी बकारामला पाठवलं होतं. खांब बसले, सिमेंट वाळलं, बाकीचे गेले. बकाराम गेला नाही. त्याला संशय आला की पूर्वेचा खांब झुकतो आहे. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ओळंबा घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही आला. खांब सरळच होता. तो इतका सरळ आहे याचाच त्याला संशय यायला लागला. असं रोज येता येता त्याची नजर खांबावरून खाली उतरली आणि पोरांवर आली.

ती पोरं फार वाईट खेळत. दुर्गच्या संघाकडून हरली. चरोद्याच्या रेल्वेच्या पोरांकडून हरली, ती तर ड्युटीवरून खाकी पँटीतच आली होती. एकदा एका शाळेच्या मुलांकडून हरली. संघाचे सर चटर्जी म्हणून होते, रसायन शिकवत. भला माणूस. सामना संपला की एकटेच खांबाला टेकून उभे राहत.

शेवटी प्रिन्सिपॉल साहेबांनी सांगितलं की रायपूरच्या कॉलेजचा संघ येतो आहे, तो शेवटचा सामना. हरलात तर संघ बंद. खांब उपटायचे आणि मैदानावर सायकल स्टँड करायचा, पोरांच्या सायकली उन्हात तापतात.

चटर्जी सर त्या दिवशी फार खचले होते. कोपऱ्यात ओळंबा घेऊन उभ्या असलेल्या बकारामला ते हसत म्हणाले, ‘‘मेश्रामजी, आप तो रोज देखते हैं. बताइए, टीम में खराबी क्या है?’’

थट्टेत विचारलं होतं. पण बकारामला थट्टा कळत नसे. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला आणि म्हणाला, ‘‘सर, पोट्ट्यांना लाइनीत उभे करा.’’

कप्तान बलबीर पंजाबी, दांडगा. त्याला उचललं, धरलं, ठेवलं. ‘‘वजन चांगलं हाये, पन सारं मागं हाये. हा पुढं धावते तवा अर्धा मागंच राह्यते.’’

थॉमसला उचललं. ‘‘हा आतून हालते. पोटात पानी हाये याच्या.’’ थॉमस लाजला. खेळापूर्वी भीतीनं तो तांब्याभर पाणी पीत असे.

सुधीर दुर्गच्या एका वकिलाचा मुलगा. त्याला हात लावताच तो गुदगुल्यांनी वाकडातिकडा होऊन हसायला लागला. बकाराम मागं सरला. ‘‘हा कावून हासते? काईतरी लपवून राहिला हा. याच्यावर नजर ठेवा.’’

मग राव. राव निमूट उचलला गेला, निमूट खाली आला. बकारामनं पुन्हा उचलला. ‘‘याच्यात काईच खोट नाई.’’

‘‘मग चांगलंच झालं की,’’ मी म्हणालो.

‘‘तोच तं संशय हाये!’’

राहिला धनीराम. उतईकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, रोज सायकलीनं येणारा, ताडासारखा. त्याचा मोठा भाऊ कारखान्यात होता, आणि खेळायला जोडा नाही म्हणून हा भावाचे कारखान्यातले, पुढं लोखंडी टोपी असलेले बूट घालून खेळायचा. धावला की मैदान वाजायचं. बकारामनं त्याच्या काखांत हात घातले, पण हा इतका ठेंगणा आणि तो इतका लांब की पाय जमिनीवरून उठेनात. शेवटी सिमेंटचा एक ठोकळा आणला, बकाराम त्यावर चढला आणि त्यानं धनीरामला उचललं.

बराच वेळ धरून ठेवलं. आम्ही सगळे संशयाची वाट पाहत होतो.

‘‘हा बरोबर हाये,’’ तो म्हणाला. ‘‘वजन मधात हाये. या पोट्ट्यावर संशय नाई.’’

बकारामच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला तिथंच शंका आली. ज्या माणसाला रांजणावर भरवसा नाही, त्याला या लांबड्या पोरावर एकाएकी भरवसा कसा?

पण चटर्जी सर बुडत्या माणसासारखे झाले होते, त्यांनी धनीरामला मधे उभं केलं. बकाराम रेषेबाहेरून ओरडायचा, ‘‘विरा!’’, आणि धनीराम उडी मारायचा. बूट जमिनीवर आदळले की क्वार्टरांतली भांडी थरथरत. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. संघ हरतच होता. पण आता समोरच्यांना घाम फुटत होता. रायपूरवाल्यांना हरवता येईल असं आमच्या कामगार कॅम्पात लोक बोलायला लागले. चटर्जी सरांनाही हुरूप आला. त्यांनी कुठूनसे सगळ्या पोरांना कॅनव्हासचे पांढरे बूट आणून दिले. पोरं ते दिवसभर पुसत बसत.

आणि याच सुमारास बकाराम बदलला.

रोजच्यासारखा ठोकळ्यावर चढायचा, धनीरामला उचलायचा, पण खाली ठेवल्यावर बोलायचा नाही. मी विचारलं, ‘‘काय जी, काय लागलं?’’

‘‘काई नाई.’’

‘‘मग तोंड कावून असं?’’

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ‘‘हल्का लागून राहिला.’’

‘‘बरंच आहे ना. हलका माणूस उंच उडतो.’’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागं झालो.

आता माझा स्वभाव सांगतो. एखादी गोष्ट मला खटकली की मी सोडत नाही. मी बकारामवर लक्ष ठेवलं. पहिल्याच आठवड्यात दिसलं ते असं. पाण्याच्या टाकीमागं धनीराम उभा आहे, बकाराम येतो, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्या हातात देतो. धनीराम नको नको म्हणतो. बकाराम दरडावतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसून राहिलो आणि ते गेल्यावर कागद उचलला. त्यात अंड्यांची टरफलं आणि गुळाचे कण.

टपरीवर मी एवढंच बोललो की अंडी पाहिली. बाकीचं लोकांनी लावलं. टपरीवाला मिश्रा म्हणाला, ‘‘समझे नहीं? लड़के को खिला-खिला के भारी कर रहा है. मैच में कूद ही नहीं पाएगा.’’ हे सगळ्यांना एकदम पटलं. रायपूरवाल्यांचा हात आहे हेही पटलं, कारण पुढच्या सुट्टीच्या दिवशी बकाराम रायपूरकडून येणाऱ्या बसमधून उतरला. मी स्वतः पाहिलं. हातात एक बाटली, तिच्यात काळं औषध.

‘‘कुठून जी?’’

‘‘रस्त्यातल्या कुम्हारीहून. वैद्य हाये तिथं एक.’’

‘‘तुला काय झालं?’’

‘‘मले काय व्हाचं हाये!’’

मग औषध कोणासाठी? मला तर कोडं सुटल्यासारखंच वाटलं. खेळाच्या दिवशी पोराला गुंगी आणायची. मी त्याला रस्त्यातच अडवलं. म्हटलं, ‘‘बकाराम, आपण एका बाजूची माणसं. सरळ सांग. रायपूरवाल्यांचं आणि तुझं काय चाललं आहे?’’

त्यानं बाटली खाली ठेवली, मला उचललं, वीतभर वर धरलं आणि म्हणाला, ‘‘तू बी झुकून राहिला, नामदेवभाऊ.’’ मग मला ठेवलं, बाटली घेतली आणि गेला. भर रस्त्यात. बायामाणसं पाहत होती.

सामन्याचा दिवस आला. रविवार होता. सगळा कॅम्प मैदानावर. प्रिन्सिपॉल साहेब खुर्ची टाकून बसलेले, शेजारी सायकल स्टँडचा ठेकेदारही आणून बसवलेला. रायपूरचा संघ बसमधून उतरला. एकसारखे कपडे, एकसारखे केस, आणि सोललेली संत्री खात होते. आमची पोरं पांढऱ्या बुटांत उभी. बलबीरनं मुठी आवळलेल्या, थॉमस पाणी शोधतो आहे.

बकाराम आला. रिवाजाप्रमाणे एकेकाला उचललं. सुधीर हसला. रावमध्ये काही खोट निघाली नाही. मग तो ठोकळ्यावर चढला आणि त्यानं धनीरामला उचललं.

धरून ठेवलं. डोकं कलतं केलं. आम्ही वाट पाहतो आहोत. पंच शिटी तोंडात धरून वाट पाहतो आहे. बकारामच्या कपाळाची शीर फुगली, ओठ हलायला लागले. आणि त्यानं धनीरामला खाली ठेवण्याऐवजी खांद्यावर टाकलं, ठोकळ्यावरून उतरला आणि मैदानाबाहेर चालायला लागला.

एवढासा बकाराम आणि त्याच्या खांद्यावर तो ताड. पुढून हात लोंबताहेत, मागून पांढरे बूट जमिनीला घासताहेत. ‘‘कका, उतार ना! कका, का करथस!’’ धनीराम त्याच्या छत्तीसगढीत ओरडतो आहे. बलबीर आडवा आला, ‘‘चाचा, मैच है!’’

‘‘मॅच गेली खड्ड्यात! बाजू हो!’’

बलबीर बाजूला झाला. त्या वेळी बकारामच्या तोंडाकडे पाहून क्रेनही बाजूला झाली असती. त्यानं पोराला एका रिक्षात घातलं, स्वतः बसला आणि म्हणाला, ‘‘दवाखाना.’’

मागं एकच गलका उठला. ‘बिक गया, बिक गया!’ मिश्रा सगळ्यांत मोठ्यानं. चटर्जी सर खांबाला टेकले. मी सायकल काढली आणि रिक्षामागं निघालो. हा माणूस पोराला दवाखान्यात नेतो की रायपूरच्या बसमध्ये बसवतो, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

दवाखान्यातच नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. बकारामनं त्यांना हात जोडले.  ‘‘बाई, इसका वजन घट रहा है. रोज घट रहा है. अंडा खिलाया, गुड़ खिलाया, वैद का काढ़ा दिया. भरताच नहीं. कुछ करो. अभी करो.’’

बाईंनी छाती तपासली, पोट दाबलं, जीभ पाहिली, रक्त घेतलं, छातीचा एक्सरेही काढला, कारण बकाराम दारातून हलेना. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्यानं तो बाक उचलून पाहिला नाही. ते मी टिपून ठेवलं.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. ‘‘लड़का बिलकुल तंदुरुस्त है. किसने कहा वजन घटा है? किस काँटे पर तौला?’’

बकारामनं आपले दोन्ही पंजे पुढं केले.

बाई पंजांकडे पाहत राहिल्या. धनीराम सदरा घालत मागून आला आणि हळूच म्हणाला, ‘‘कका, पहिली मैं भइया के लोहावाला बूट पहिरत रहेंव.’’

 मग मीच मोठ्यानं म्हणालो, कारण कोणीतरी म्हणायला हवं होतं. ‘‘बुटांचं वजन होतं ते, बकाराम! भावाचे बूट गेले आणि कॅनव्हासचे आले, म्हणून हलका लागला!’’

बकारामनं धनीरामच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे. मग पुन्हा पायांकडे. खाली वाकून त्यानं एका पायातला पांढरा बूट उपसला, तळहातावर तोलला आणि बाकावर बसला.

मला वाटलं, आता हा लाजेनं मरणार. सगळ्या गावासमोर सामना घालवला, तोही जोड्यापायी. पण तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग मांडीवर थापा. ‘‘जोडा! जोडा होता बे! काईच नाई याले! बाई, काईच नाई ना? पक्कं ना?’’

‘‘हाँ बाबा, पक्का.’’

‘‘काईच नाई निंघालं, नामदेवभाऊ!’’

‘‘तिकडे सामना गेला,’’ मी म्हणालो. ‘‘संघ बंद होणार. सायकल स्टँड होणार तिथं. आणि तू हसतोस?’’

तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते त्यानं पुसलं नाही. धनीराम एका पायात बूट घालून घाईघाईनं रिक्षा शोधायला गेला, म्हणजे अर्धा तरी सामना मिळेल. तो दिसेनासा झाल्यावर बकाराम बोलला. दुसरा बूट अजून त्याच्या हातातच होता.

‘‘माहा सुखदेव होता,’’ तो म्हणाला. ‘‘लहान होता. मी सुट्टीवर गेलतो गावाले. धावत आला, मी उचलला. हल्का लागला. मी म्हनलं, कावून बे, माय जेवाले देत नाई काय? आन् हासलो. ठेवला खाली आन् आलो ड्युटीवर. मंग तार आली.’’

व्हरांड्यात कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

‘‘हातात होता ना भाऊ तो. वीतभर वर होता. तवा मले संशयच नाई आला.’’

मी बिडी पेटवली आणि त्याला दिली.

धनीराम पोचला तोवर शेवटची शिटी वाजली होती. संघ हरला. पण मोठ्या फरकानं नाही, आणि म्हणूनच लोक जास्त चिडले. धनीराम असता तर जिंकलो असतो, असं जो तो म्हणे. बुटांची गोष्ट मी टपरीवर सांगितली, तर मिश्रा म्हणाला, ‘‘यह भी उसी की बनाई हुई कहानी है.’’ मी तिथं चहा पिणं सोडलं. आजही मला त्या माणसाचा संशय आहे.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपॉल साहेबांनी खांब उपटायला माणसं बोलावली. ज्यांनी बसवले तेच उपटायला येणार, म्हणजे त्यात बकाराम आलाच. चटर्जी सर आणि पोरं एका बाजूला उभी होती. बकारामशी कोणी बोलत नव्हतं. सायकल स्टँडचा ठेकेदार पट्टी घेऊन जागा मोजत होता.

बकारामनं पूर्वेच्या खांबाला ओळंबा लावला. खाली बसून सिमेंटला कान लावला. पश्चिमेच्या खांबाला लावला. मग कॉलेजच्या भिंतीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे. 

‘‘साहब,’’ तो प्रिन्सिपॉल साहेबांना म्हणाला, ‘‘नहीं निकलेगा.’’

‘‘क्यों नहीं निकलेगा?’’

‘‘निकलेगा. लेकिन नीचे पाइप है. पाइप हिला तो जमीन बैठेगी. जमीन बैठी तो वो दीवार. और दीवार के पीछे,’’ त्यानं बोट दाखवलं, ‘‘आपका ऑफिस है. मेरे को दाट संशय है.’’

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. ठेकेदारानंही पाहिलं, आणि पट्टी गुंडाळली. ज्या माणसाला सगळा कॅम्प संशयी म्हणून ओळखत होता, त्याचा संशय धुडकवायची हिंमत साहेबांना झाली नाही. न जाणो. सायकल स्टँड दुसरीकडे गेला.

ते खांब बसवताना खड्डा खणला, तेव्हा मी कुंपणाला टेकून उभा होतो. खाली मुरूम होता. मुरमाशिवाय काही नव्हतं. घरी येताना मी त्याला म्हटलं, ‘‘काय जी, पाइप कुठला?’’

तो तसाच चालत राहिला. ‘‘असू बी शकते,’’ म्हणाला.

खांब राहिले म्हणून मैदान राहिलं, मैदान राहिलं म्हणून संघ राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं लाइनीत उभी राहिली, कोणी न सांगता. बलबीरनं स्वतः सिमेंटचा ठोकळा उचलून आणला. संघ पुढंही हरत होता, ते लपवत नाही. एकदा चरोद्याच्या रेल्वेवाल्यांना हरवलं. पण त्या दिवशी त्यांचे दोघे ड्युटीवर होते, म्हणून मी ते धरत नाही.

धनीरामचं कॉलेज संपलं तेव्हा तो निरोप घ्यायला आला. मी आणि बकाराम बकारामच्या क्वार्टरच्या दारात बसलो होतो. लांबूनच रस्ता वाजायला लागला, आणि पाहतो तर याच्या पायांत भावाचे ते लोखंडी बूट.

‘‘कका, उठा के देख,’’ म्हणाला.

बकारामनं आतून ठोकळा आणला. हो, तो आता त्याच्याकडेच असायचा. चढला, उचललं, धरलं. ‘‘हं,’’ म्हणाला. ‘‘भरला.’’ आणि खाली ठेवलं.

मग धनीराम पुढं झाला आणि त्यानं बकारामच्या काखांत हात घातले.

इतक्या वर्षांत बकारामनं सगळ्या भिलाईला उचललं असेल. त्याला कोणी उचललं नव्हतं. तो वर गेला आणि त्याला पाय कुठं ठेवावेत ते कळेना. धनीरामनं मान कलती केली, कान दिल्यासारखं केलं, अगदी त्याच्याचसारखं. ‘‘कका, सीधा हस,’’ म्हणाला. ‘‘कोनो कोती नइ झुकत हस.’’

कुठंही झुकत नाहीस.

लोंबतं वजन गरजेपेक्षा जास्त वेळ लोंबत ठेवायचं नाही, हा बकारामचा कायदा. त्यासाठी तो क्रेनवाल्यांशी भांडला आहे. पण त्या दिवशी तो माइना म्हणेना. डोळे मिटून, वीतभर वर, तसाच राहिला. आणि धनीरामही खाली ठेवेना, कारण शब्द आला नव्हता.

शेवटी मीच म्हणालो, ‘माइना’. तेही जरा थांबून.